वंदनाला नेलं तो वसंत

शेजारच्या मार्गारेटचा मॅग्नोलिया यंदाही फुलला. या झाडाला भारी घाई. अंगावर एक पान नसताना आधी फुलंच काढून बसतं. मार्चचा वारा अजून कानाला झोंबत असतो, सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फाचा पापुद्रा खरवडावा लागतो, आणि हे आपलं ओंजळीएवढी गुलाबी फुलं घेऊन कुंपणावरून आमच्या स्वयंपाकघरात डोकावतं. पूर्वी मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहायची. लंडनजवळच्या पिनरमध्ये आम्ही घर घेतलं ते या झाडाकडे बघून, असं माझा नवरा प्रभाकर पाहुण्यांना सांगायचा. आता मी खिडकीचा ब्लाइंड खाली ओढून घेते. मार्गारेटला वाटतं, मला फुलांच्या परागांचा त्रास होतो. मी तिला तसंच वाटू देते.

वसंत हा इथला सगळ्यात गोड बोलणारा ऋतू. घड्याळं एक तास पुढे होतात, संध्याकाळी जेवणाच्या वेळीही बाहेर उजेड असतो, लोक एकमेकांना रस्त्यात थांबवून "लव्हली, इझन्ट इट?" म्हणतात. पहिल्यांदा गवत कापल्याचा वास गल्लीत पसरतो. तो वास आला की मी खिडक्या लावून घेते. कारण असाच गवताचा वास येत होता, असंच कोवळं ऊन होतं, आणि आम्ही दोघी एका बंद काचेच्या दाराबाहेर वंदनाची वाट बघत उभ्या होतो. एक मी, निवृत्त भूलतज्ज्ञ. दुसरी अनघा, आमची खासदार.

वंदना आमच्या घरी आली ती प्रभाकरच्या स्ट्रोकनंतर. प्रभाकर हाडांचा डॉक्टर. इंग्रजी असं बोलायचा की वॉर्डातल्या इंग्रज सिस्टर्स त्याची नक्कल करायच्या. स्ट्रोकनं त्याची उजवी बाजू नेली आणि सगळं इंग्रजी नेलं. मागे राहिली ती फक्त लहानपणची वर्ध्याकडची बोली, तीही तुटक. "काहून", "मंग", "बाप्पा", असे काही शब्द, आणि चिडला की एक अस्सल शिवी. कौन्सिलनं पाठवलेल्या केअरर बायका चांगल्या होत्या, मनापासून करायच्या, पण त्यांना तो काय म्हणतोय ते कळायचं नाही आणि तो घास तोंडात धरून भिंतीकडे बघत बसायचा.

मग एजन्सीनं वंदनाला पाठवलं. वर्ध्याजवळच्या पुलगावची. केअर वर्करच्या व्हिसावर आलेली, मुलीला बहिणीकडे ठेवून. दारात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं हात चोळले आणि म्हणाली, "बाप्पा, किती थंडी हो मॅडम! हवा हाय का सुरी?" आतल्या खोलीत प्रभाकरनं मान वळवली. अनेक महिन्यांनी त्यानं आपणहून कुणाकडे बघितलं होतं.

"काहून जेवत नाही म्हणे तुम्ही?" ती त्याच्यासमोर बसत म्हणाली.

"काहून जेवू?" तो म्हणाला.

"मी बनवून राहिली म्हणून."

आणि तो जेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. डॉक्टर माणसाला इतक्या साध्या उपायाचं रडू यावं याची लाजही वाटली.

ती एजन्सी पुढे बंद पडली. म्हणजे सरकारनंच तिचा परवाना काढून घेतला, कारण मालकांनी नियम मोडले होते. शिक्षा मालकांना व्हायला हवी होती. पण त्यांच्या परवान्यावर आलेल्या बायकांचे व्हिसा त्या परवान्याबरोबरच गळून पडले, खोडाबरोबर फांद्या पडाव्यात तसे. दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. वंदनाला वेम्बलीतल्या एका वृद्धाश्रमानं घेतो म्हटलं, त्यांनी अर्ज केला, आणि तो अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून राहिला. तोवर तिला काम करायची परवानगी नव्हती. ती ईलिंग रोडवरच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत दोघी-तिघींबरोबर राहायची आणि दुपारी आमच्याकडे यायची. कामाला नाही, भेटायला. मी तिला काहीही देऊ केलं की म्हणायची, "भेटायला आलेल्याला कोणी पैसे देते का?" तिच्या पायांचा आवाज आला की प्रभाकर दाराकडे बघायला लागायचा.

तिला अनघाकडे मीच घेऊन गेले.

अनघा माझ्या मैत्रिणीची, नलूची मुलगी. मी ज्या हॉस्पिटलात नोकरी केली तिथेच जन्मलेली. नलूला भूल मीच दिली होती, म्हणजे अनघाला या जगात येताना बघणाऱ्या पहिल्या दोन-चार माणसांत मी. वकील झाली, कौन्सिलर झाली, मग खासदार. सत्तेवर असलेल्या पक्षाचीच. इंग्रज लोक तिला "अनगा" म्हणतात. तिनं कधीच दुरुस्त केलं नाही. नलू गेल्यावर तिच्याशी मराठी बोलणारी मी एकटीच उरले. तिचं मराठी लिंगभेद मानत नाही. "माझा आई", "तुझी घर". नलू हसायची. मी हसत नाही, कारण चुकीचं का होईना, ती बोलते.

खासदाराच्या भेटीच्या वेळेलाही इथे 'सर्जरी' म्हणतात, डॉक्टरच्या दवाखान्याला म्हणतात तेच. शनिवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत अनघाची सर्जरी भरायची. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. कुणाच्या घरात ओल, कुणाच्या दारात कचऱ्याचे डबे. पण त्या वर्षी निम्म्याहून जास्त माणसं एकच गोष्ट घेऊन येत होती. व्हिसा. वंदनाचं वऱ्हाडी अनघाला कळेना आणि अनघाचं मराठी वंदनाला. मी मधे बसून मराठीचं मराठीत भाषांतर करत होते. शेवटी वंदना म्हणाली, "मॅडम, यांना एवढंच सांगा. मी काही चोरी नाही केली."

हे भाषांतराशिवाय पोचलं. अनघानं पेन खाली ठेवलं आणि तिचा हात धरला. "मला माहिती आहे," ती म्हणाली.

अनघा तोवर पक्षाची शहाणी मुलगी होती. चिडायची, पण आतल्या आत. ते बदललं ईलिंग रोडवर, आणि योगायोगानं मी तिथे होते.

पाडव्याच्या आधीचा दिवस. मी कडुनिंबाची पानं आणि साखरेच्या गाठी आणायला गेले होते. त्या दिवसांत ईलिंग रोड कसा असतो ते जाऊनच बघावं. हापूसच्या पहिल्या पेट्या आलेल्या असतात, दुकानदार पेटीतलं गवत बाजूला करून एक फळ आपल्या नाकाशी धरतो, बाहेर कढईत जिलेबी पडत असते, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारलेलं असतं, आणि जेमतेम दहा अंशांच्या थंडीत सगळी माणसं उन्हाळा असल्यासारखी वागत असतात. मी भेंडी मोजायला दिली होती. दुकानातल्या मुलीनं पिशवी काट्यावर ठेवली, बाहेर बघितलं, आणि पिशवी तशीच सोडून मागच्या दारानं निघून गेली.

रस्त्यावर व्हॅन येऊन उभ्या होत्या. काळ्या जाकिटातले इमिग्रेशनचे अधिकारी उतरत होते, अजिबात धावपळ न करता. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. "एक्सक्यूज मी, लव्ह," म्हणत एकजण माझ्या बाजूनं आत गेला. शेजारच्या मिठाईच्या दुकानातून त्यांनी दोन माणसांना बाहेर आणलं. त्यातला एक बेसन मळत होता. कोपरापर्यंत हात पिवळे. त्या पिवळ्या हातांना बेड्या घातल्या. त्याला नाकावर काहीतरी खाजत असावं, तो खांदा वर करून नाक घासायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. दोन्ही बाजूंना लोक उभे होते. माझ्यासारखेच, पिशव्या घेऊन. काही जण फोनवर चित्रण करत होते, आणि एक बाई शेजारणीला म्हणाली, "असतील बेकायदा. उगीच कोण धरतंय."

कुणीतरी फोन केला म्हणून अनघा पोचली, तेव्हा शेवटची व्हॅन निघाली होती. तिनं रस्त्यात उतरून व्हॅनच्या काचेवर थापट्या मारल्या. चालकानं थांबवून काच खाली केली, तिचं ऐकून घेतलं, "मॅडम, आपण कृपया आमच्या कार्यालयाशी बोला," म्हणाला आणि काच वर केली. माझ्या हातात अजून गाठी होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत, गुलाबी-पांढऱ्या.

इथल्या मराठी मंडळाचा पाडवा शाळेच्या हॉलमध्ये होता. गार्डन सेंटरमधून आणलेल्या बांबूवर गुढी, पैठण्यांवर कार्डिगन, मागे श्रीखंडाचे डबे. प्रमुख पाहुणी अनघा. चार गोड वाक्यं बोलून ती उतरेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि सुरुवात तिनं तशीच केली. मग थांबली. म्हणाली, "काल आपल्या रस्त्यावर ते माणसांना घेऊन गेले. माझा सरकार. माझाच पक्ष. मी हे सहन करणार नाही. पार्लमेंटमध्ये मी याच्या विरुद्ध बोलणार, आणि विरुद्ध मत देणार. मला तुमची मदत पाहिजे."

मागे कुणाच्या तरी हातातून श्रीखंडाचा चमचा पडला. मग टाळ्या आल्या, त्या पाहुण्यांसाठी वाजवतात तेवढ्याच. खाली उतरल्यावर मंडळाचे सचिव अरविंदराव तिच्याजवळ आले. अरविंदराव सज्जन माणूस. कुणाच्या घरी मृत्यू झाला की सगळ्यात आधी पोचणार.

"अनघा, तू आमची मुलगी, म्हणून सांगतो," ते म्हणाले. "सणाच्या दिवशी हा विषय नको होता. आणि एक लक्षात घे, आम्ही सगळे रांगेत उभं राहून आलोय. कागदपत्रं घेऊन. त्या लोकांत आणि आपल्यात फरक आहे."

"काय फरक आहे, काका?"

"आम्ही कायदेशीर आहोत."

"वंदनापण कायदेशीर होता," अनघा म्हणाली. "मग एक दिवस नव्हता."

अरविंदरावांनी माझ्याकडे बघितलं, पोरीला समजवा अशा नजरेनं. त्या संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर बरीच चर्चा झाली म्हणे. मी वाचली नाही.

मला आठवतं, आम्ही आलो तेव्हा विमानतळावर माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता. अंगात नागपूरहून घालून आलेलं सुती ब्लाउज, समोर थंडगार प्लेट. अधिकाऱ्यानं फिल्म बघितली, कागदांवर शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "आम्हांला डॉक्टर हवेच आहेत." तेवढं एक वाक्य. त्या वाक्यावर मी इथे सगळा जन्म काढला, घर घेतलं, पेन्शन घेतली, मतदान केलं. त्याला आम्ही आमची लायकी समजलो. खरं तर ती त्यांची गरज होती. वंदनाचीही गरज होती. वृद्धाश्रम तिची वाट बघत होता, प्रभाकर तिची वाट बघत होता. पण या खेपेला ते वाक्य म्हणायला कुणी अधिकारी नव्हता.

वंदनाला ठरावीक दिवशी इमिग्रेशनच्या कार्यालयात जाऊन हजेरीची सही द्यावी लागायची. पाडव्यानंतरच्या खेपेला तिला भीती वाटत होती. वृद्धाश्रमाचा अर्ज फेटाळला गेला होता आणि वकील अपिलाची तयारी करत होते. अनघा म्हणाली, "मी येतो बरोबर. मी असले तर ते विचार करतील." मीही गेले.

ती इमारत अगदी सामान्य होती. समोर हिरवळ, तिच्यावर डॅफोडिल्स, एक माणूस मशीननं गवत कापत होता. दारातल्या रखवालदारानं अनघाचं ओळखपत्र निरखून बघितलं आणि फार अदबीनं सांगितलं की आत फक्त सही देणाऱ्यालाच जाता येईल.

"मी हिची खासदार आहे," अनघा म्हणाली.

"होय मॅडम. आपण बाहेर थांबू शकता."

वंदनानं आपली शाल माझ्या हातात दिली. आत गरम होते म्हणाली. मग नेहमीसारखं बोलली, "येतो मी, मॅडम. तुमी दोघी तोवर चहा घेऊन घ्या. साहेबांसाठी आज मुगाची खिचडी करू." काचेचं दार उघडलं, ती आत गेली, वळून हात केला.

आम्ही चहा घेतला. परत आलो. उभ्या राहिलो. ऊन सरकलं. तिच्यानंतर आत गेलेली माणसं एकेक करून बाहेर आली, काही जण दाराबाहेर पाऊल पडताच अक्षरशः पळत सुटली. अनघा दोनदा दारापर्यंत गेली. तिसऱ्यांदा रखवालदार म्हणाला, "मॅडम, प्लीज, एक पाऊल मागे." ती मागे झाली. मला ते अजून दिसतं. या देशाच्या संसदेत बसणारी बाई, आमच्या हॉस्पिटलात जन्मलेली, आणि ती मुकाट एक पाऊल मागे सरकली, कारण सरकण्यावाचून काही करता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी कुणीतरी बाहेर येऊन सांगितलं की वंदनाला ताब्यात घेतलं आहे. तिला मागच्या दारानं केव्हाच नेलं होतं. आम्ही उभ्या होतो त्या दाराशी तिचा काही संबंध उरला नव्हता.

त्यानंतरचे दिवस म्हणजे अनघाचा फोन. ती आमच्या स्वयंपाकघरात बसून फोन करायची, कारण तिच्या कार्यालयात धमक्यांचे फोन येत होते आणि तिची मदतनीस घाबरून घरी गेली होती. "जिथून आलीस तिथे परत जा," असंही लोक लिहीत. "कुठे जाऊ मावशी?" ती म्हणाली. "लेबर वॉर्डमध्ये?" आम्ही दोघी हसलो, आणि हसणं मधेच संपलं. मंत्र्यांच्या कार्यालयातला एक तरुण रोज तिला तेच सांगायचा: एकेका केसवर आम्ही भाष्य करत नाही. वकिलांनी अपील केलं, स्थगिती मागितली, ती नाकारली गेली. प्रभाकर दुपारी दाराकडे बघायचा. "काहून नाही आली?" मी सांगायची, उद्या येईल. मग विचारेनासा झाला. घास पुन्हा तोंडात धरून ठेवायला लागला.

एका दुपारी वंदनाचा फोन आला, परक्या नंबरवरून. मागे विमानतळावरच्या घोषणा. "मॅडम, नेऊन राहिले मला." मी अनघाला फोन दिला. अनघा मोठ्यानं बोलत होती, इंग्रजीत, तिच्याबरोबरच्या अधिकाऱ्याला फोन दे म्हणून. पलीकडून वंदनाच बोलत राहिली. "ताई, तुमी लई केलं. आता राहू द्या. मॅडमला सांगा, साहेबांना खिचडी पातळ करा, अन् वरून तूप. घट्ट झाली की गिळत नाही ते." फोन बंद झाला. अनघानं तो टेबलावर पालथा ठेवला. बाहेर मार्गारेटच्या झाडाखाली पाकळ्यांचा खच पडला होता, जिथे जिथे पाय पडले तिथे तपकिरी झालेला.

पुढच्याच आठवड्यात ते विधेयक आलं. छापे घालण्याचे अधिकार आणखी वाढवणारं. मी टीव्हीवर बघितलं. मला वाटलं होतं, सभागृह भरलेलं असेल. हिरवे बाक बहुतेक रिकामे. अनघा उभी राहिली. तिनं बेसन लागलेल्या हातांबद्दल सांगितलं. एक बाई सही द्यायला आत गेली आणि बाहेर आली नाही, तिची शाल अजून माझ्या मावशीकडे आहे, असं सांगितलं. 'मावशी' हा शब्द तिनं मराठीतच वापरला. ती म्हणाली की माझ्या मतदारसंघातली माणसं दवाखान्यात जायला घाबरतात, मुलांना शाळेत सोडायला घाबरतात, आणि हे माझ्या पक्षाच्या नावानं चाललं आहे. तिच्या मागे बसलेला एक सदस्य फोन बघत होता. ती खाली बसली. पुढचा सदस्य उठला आणि इतर अनेक मुद्द्यांबरोबर आपल्या भागातल्या रस्त्यांवर बोलला.

तिनं विरोधात मत दिलं. विधेयक आरामात पास झालं. संध्याकाळपर्यंत पक्षानं तिच्याकडून व्हिप काढून घेतला, म्हणजे ती खासदार राहिली, पण पक्षाची नाही. तिच्या बाजूनं मत दिलेले मोजकेच होते, आणि त्यातल्या काहींनी पुढे माफी मागून परत जागा मिळवली. अनघानं मागितली नाही. मला त्याचा अभिमान वाटायला हवा. वाटतोही. पण अभिमानानं कुणी विमानातून परत उतरलं नाही.

प्रभाकर त्या पावसाळी उन्हाळ्यातच गेला. दुसरा स्ट्रोक. डॉक्टर म्हणून मला ठाऊक आहे की तो वंदना गेल्यामुळे गेला नाही; रक्तवाहिन्यांना कुणाची वाट बघता येत नाही. बायको म्हणून मी ते फक्त ऐकून घेते. वंदनाला कळवलं तेव्हा ती फोनवर खूप रडली. मग पुढच्या फोनवर कमी बोलली. गावात लोक विचारत होते म्हणे, "तिकडून काहून हाकललं वं तुले? केलं काय होतं?" तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही म्हणजे काहीतरी केलंच असणार, असं लोकांनी धरलं. आता ती फोन उचलत नाही. मुलगी उचलते आणि "आई बाहेर गेली" म्हणते. तिच्या पाठीमागे भांड्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू येतो.

अनघा यंदाच्या पाडव्याला हॉलमध्ये नव्हती. बोलावणंच नव्हतं. कुणी वाईट बोललं नाही. प्रमुख पाहुणे म्हणून एका बँकेतले गृहस्थ आले, ते शेअर बाजारावर बोलले. पुढच्या निवडणुकीला आपण उभं राहणार नाही, असं तिनं मला गेल्या रविवारी सांगितलं. आमच्याकडे जेवायला आली होती. वरण-भात जेवली, दोनदा वाढून घेतला, आणि ताटात बोट फिरवत म्हणाली, "मावशी, मला वाटायचं, आपण बोललो की काहीतरी हलते. थोडा तरी. काहीच नाही हलला." तिला मी काय सांगणार? ती लहान होती तेव्हा तिला खोटं सांगता यायचं. पन्नाशीला आलेल्या बाईला नाही सांगता येत.

तेवढ्यात बेल वाजली. दारात अरविंदराव. ते कधी न कळवता येत नाहीत. कोट भिजलेला, चष्म्यावर थेंब. अनघाची गाडी बाहेर बघून थांबलो, म्हणाले. बसले, पण खुर्चीच्या कडेवर.

त्यांचा पुतण्या आदित्य ब्रिस्टलला असतो. इंजिनिअर. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. ती कंपनी बुडाली, परवाना गेला. दुसरी नोकरी मिळाली होती, पण कागद वेळेत झाले नाहीत. तो सही द्यायला गेला होता.

"काल सकाळी," अरविंदराव म्हणाले. "अजून घरी आला नाही. सूनबाई फोनवर नुसती रडतेय. सहावा महिना आहे तिला." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अनघा, तू त्यांच्याशी बोल. आदित्यची केस वेगळी आहे गं. तो पुण्याचा, शिकलेला, टॅक्स भरणारा. त्याचं तसं काही नाहीये."

मला वाटलं, आता ती बोलेल. तिला तो हक्क होता. वर्षभर साठवलेलं एक वाक्य तरी तिच्याकडे असणार. तिनं आदित्यचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली, फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. बंद दाराआडून तिचा आवाज येत होता, शांत, समजुतीचा. मी अरविंदरावांना चहा दिला. तो त्यांनी हातात धरून ठेवला.

ती बाहेर आली. उभ्यानंच म्हणाली, "काका, त्यांनी माझी फोन घेतली, पण पुढे जोडली नाही. मी पक्षात नाही आता. वकिलाचं नाव देते, चांगला आहे. उद्या मी सूनबाईकडे ब्रिस्टलला जाते. पण ते त्याला सोडतील, असा मला नाही वाटत."

"म्हणजे होईल ना काहीतरी?"

"नाही, काका."

अरविंदराव माझ्याकडे वळले, कप हातातच, आणि हळूच, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "तिला नीटसं कळलं नसेल हो. तुम्ही जरा मराठीत समजावून सांगा ना."

"तिला कळलंय," मी म्हणाले. "ती मराठीतच बोलली."

अरविंदरावांनी मान हलवली. कप टेबलावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, पण टेबल थोडं लांब होतं. अनघानं पुढे होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला.